बाईच्या गळ्यातली चांदी

गोंदियाच्या फलाटावर मी आमगावच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. बाईलाच भेटायला निघालो होतो. तेवढ्यात तिकडून आलेल्या गाडीतून तिचा शेजारी उतरला आणि मला पाहून तिथंच मटकन खाली बसला. "मास्तर, बाई गेली... नळी तुटली." मी त्या भल्या माणसाला सगळ्यांसमोर खोटारडा म्हणालो. त्याला आता महिना झाला.

बाई माझी थोरली बहीण. गळ्यातल्या गाठीनं तिचा श्वास कोंडला, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी गळ्याला छिद्र पाडून चांदीची वाकडी नळी बसवली. श्वास तिच्यातूनच, बोलायचं तर नळीवर बोट ठेवायचं. मूळची बडबडी, गप्प कशी बसेल! भाऊजींना चिडवायची, "पायात चांदी मांगतली होती, तुमी गळ्यात घातली." मी डोळे पुसले की मलाही सोडायची नाही. "काऊन रडून राहिला बे? मी जितीच आहो ना!"

चांदी मऊ. सुरुवातीला नळी टोचायची, तर आमगावच्या सोनारानं तिला हलकंसं वळण दिलं आणि ती बाईच्या आखूड मानेत नीट बसली. पण मऊ धातू झिजतोही. नळी काळी पडायची, बाई ती चिंचेनं घासायची, आणि घासता घासता ती पार पातळ झाली. डॉक्टर म्हणाले, ही आता टाकून द्या. त्यांनी स्टेनलेस पोलादाची दिली. हातात हलकी, काळी पडत नाही, झिजत नाही. आम्हाला स्वर्ग दोन बोटं उरला... पण मान वळवली की तिची कड आत कापायची, रक्त यायचं. सोनारानं हात जोडले, "हे वाकत नाही, मास्तर." चांदीची नवी घडव म्हटलं, तर म्हणाला, "जोडाचा डाग सुटला तं जीव जाईन. मी नाही करत." नागपुरात तशी नळी मिळेना. मी दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्या, भांडलो, शेवटी पायही धरले.

बाईनं जुनीच नळी पुन्हा घातली. तुटेल ती, म्हणून मी ओरडलो. तिनं बोट ठेवलं. "तुटन तवा पाहू. हे नवी तं रोजच मारून राहिली."

तुटली. गळ्यावर टेकणाऱ्या तिच्या पट्टीशीच तुटली आणि तुकडा आत उतरला. भाऊजींनी पोलादाची नळी घालून पाहिली, पण खाली तुकडा अडकलेला. नागपूरची गाडी यायला अवकाश होता, आणि बाईला तेवढा वेळ नव्हता. डॉक्टर खरं बोलले होते. बाईही खरंच बोलली होती. शिव्या कोणाला देऊ? दोषी कोणी सापडत नाही, आणि त्यानंच मला वेड लागायची पाळी आली आहे.

परवा आमगावला गेलो. स्वयंपाकघराच्या भिंतीला, अगदी खाली, एक छोटा आरसा टांगलेला आहे. बाई पाटावर बसून त्यात पाहून नळी काढायची, घालायची. भाऊजींनी तो काढलेला नाही. मी पाटावर बसलो. आरशात चेहरा दिसत नाही, फक्त गळा दिसतो. माझा गळा, धडधाकट, श्वासासरशी हलणारा... मला त्या श्वासाचा राग आला.