आधी वेलांटी, मग अक्षर

नवरा गेल्यावर मी पेणचं भाड्याचं घर सोडलं आणि रोह्याला सासूबाईंकडे राहायला आले. दुकान मात्र पेणलाच राहिलं. कचेरीच्या मागच्या गल्लीत माझं मराठी टाइपिंगचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिकांचा मजकूर, गणपतीच्या कारखान्यांची दरपत्रकं, जे येईल ते. सकाळच्या गाडीने पेण गाठायचं आणि संध्याकाळी मिळेल त्या एसटीने परत यायचं.

सासूबाई अंथरुणातून उठत नाहीत. मी नसते तेव्हा त्यांच्याजवळ नणंद असते. ती नागोठण्याजवळ एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे, शिफ्टला जाते. माझ्याहून बरीच लहान, लग्न केलेलं नाही. दोघींच्या वेळा एकमेकींवर आदळल्या की शेजारच्या काकू येऊन बसतात. आम्ही दोघी एका घरात राहून भेटायचो त्या दारातच. आमचं बोलणंही कंपनीत शिफ्ट सोपवताना करतात तसंच. गोळी दिली, चादर बदलली, पेज अर्धीच घेतली. मग एकीने चप्पल घालायची, दुसरीने काढायची.

दिवाळीच्या सुमारास दुकानातला कंप्युटर रोज एक सूचना दाखवायला लागला की या मशीनला आता पुढचे अपडेट मिळणार नाहीत. तसाही तो थकलाच होता. सकाळी बटण दाबून मी झाडून घ्यायची, पाणी भरायची, तरी पडदा तयार नसायचा. दुरुस्तीवाल्याने पाहिलं आणि नवीन घ्या म्हणाला. हे मी नणंदेला दारातच सांगितलं, गोळ्यांच्या नंतर. ती म्हणाली की लॅबमधलं एक जुनं मशीन विंडोजऐवजी लिनक्सवर चालतं आणि ते कधी कुरकुरत नाही. तिच्या सुट्टीच्या दिवशी ती माझ्याबरोबर पेणला येईल.

लिनक्स हा शब्द मी ऐकला होता, पण तो माझ्यासारखीसाठी असेल असं वाटलं नव्हतं. मी दहावीनंतर मराठी टाइपरायटर शिकले, परीक्षा दिली, पुढे तेच हात कंप्युटरवर आणले. मशीनच्या आत काय असतं ते मला कधी बघावं लागलं नाही. ते खातं नवऱ्याकडे होतं.

ती आली, जुन्या सगळ्या फायली आधी वेगळ्या डिस्कवर काढून ठेवल्या आणि पेनड्राइव्ह लावून लिनक्स टाकलं. मध्येच तिचा डोळा लागत होता, आदल्या दिवशीच तिची रात्रपाळी संपली होती. दुपारी आम्ही शेजारून वडापाव आणून खाल्ला. पडदा झरझर उघडला तेव्हा मला बरं वाटलं, तसं मी तिला म्हटलंही. ती म्हणाली, आता रोज वापर, म्हणजे सवय होईल.

दुसऱ्या दिवशी मी एकटी होते. प्रिंटर चालेना. तिने कागदावर एक ओळ लिहून दिली होती, ती मशीनला हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत टाइप करायची. केली. मशीनने पासवर्ड मागितला. मी पासवर्ड टाइप करायला लागले तर पडद्यावर काहीच उमटेना. ठिपका नाही, फुली नाही. मला वाटलं, कीबोर्ड गेला. वायर काढली, परत लावली. शेवटी तिला फोन केला. ती झोपेत होती. तशाच आवाजात तिने सांगितलं की पासवर्ड दिसत नाही, तो आत जात असतो, तू टाइप कर आणि एंटर मार. मी केलं, आणि ओळी धावायला लागल्या. तिची झोप मोडली म्हणून मला वाईट वाटत राहिलं. प्रिंटर त्या दिवशी चालला नाहीच.

मग फोनवरची शिकवणी सुरू झाली. ती कंपनीच्या बसमध्ये असायची, मी दुकानात. ती अक्षरं सांगायची, मी टाइप करायची. कुठे जागा सोडायची, कुठे नाही, यावर आमचं घोडं अडायचं. एकदा मी दोन शब्द जोडून टाकले आणि अर्धा दिवस त्याच चुकीशी झगडत बसले. कधी मी रोह्याकडे येणाऱ्या गाडीत असायची आणि निडी गावाच्या अलीकडे-पलीकडे रेंज गेली की तिचं वाक्य अर्धं राहायचं. प्रिंटर चालायला आठवडा गेला. त्या आठवड्यात मी गिऱ्हाइकांना पेनड्राइव्ह देऊन समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे पाठवत होते.

खरा त्रास त्यानंतर झाला. माघी गणपतीच्या आधी एक कारखानदार आले. वयस्कर गृहस्थ, दरवर्षी त्यांच्या मूर्तींचं दरपत्रक माझ्याकडेच तयार व्हायचं. ते म्हणाले, "वहिनी, मागच्या वर्षीचंच काढा, आकडे तेवढे बदला. संध्याकाळी टेम्पो निघायचा हाय."

मी वेगळ्या डिस्कवर काढलेली जुनी फाइल नव्या मशीनवर पहिल्यांदाच उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याच्या खुणा, असा सगळा खच पडला होता. दुसरी फाइल उघडली, तेच. लग्नपत्रिका, आरत्या, शाळेच्या प्रश्नपत्रिका, सगळ्याचा तोच चिखल. माझं जुनं मराठी पॅकेज मशीनमध्ये इंग्रजी अक्षरंच ठेवत होतं आणि वरून त्यांना मराठी अक्षराचा मुखवटा चढवत होतं. पॅकेज गेलं, मुखवटा गेला. इतकी वर्षं मी मराठी टाइप करत होते असं मला वाटत होतं.

मी नणंदेला फोन लावला आणि कारखानदारांसमोरच म्हटलं, "तू माझं सगळं काम घालवलंस."

ती म्हणाली, "फायली आहेत वहिनी. वाचता येत नाहीत, पण आहेत. मी शिफ्ट संपल्यावर बघते." आणि फोन ठेवला.

कारखानदार बिचारे उठून गेले आणि मागच्या वर्षीचा छापील कागद घेऊन आले, खोक्याला चिकटवलेला, रंगाचे डाग पडलेला. त्यावरून मी नव्याने टाइप करायला बसले. आता मराठी खरं मराठी होतं, पण कळा वेगळ्या होत्या; इतके दिवस छोटे अर्ज मी एकेक कळ शोधत कसेबसे निभावले होते. माझ्या बोटांना टाइपरायटरची सवय. तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची. इथे आधी अक्षर, मग वेलांटी. मी 'आणि' लिहिलं की वेलांटी 'आ'ला जाऊन चिकटायची आणि 'ण' उघडा पडायचा. 'किंमत' हा शब्द त्या कागदावर जागोजाग होता. प्रत्येक वेळी मी चुकत होते आणि प्रत्येक वेळी मागे जाऊन दुरुस्त करत होते. मान भरून आली. जे काम मी चहा निवायच्या आत करायची, त्याला दुपार संपली. कारखानदार बाकावर बसून राहिले. कागद घेताना म्हणाले की अक्षर जरा बारीक झालंय, पण चालंल. टेम्पो मिळाला त्यांना.

मी घरी पोचले तेव्हा नणंद सासूबाईंचे पाय चोळत होती. गणवेशही बदलला नव्हता. सासूबाईंनी मला पाहून विचारलं, "काय गो, उशीर केलास?" मी हो म्हटलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. नणंद माझ्याकडे न बघता म्हणाली की जुन्या मजकुराचं रूपांतर करता येतं असं तिने शोधून काढलंय. सगळं नीट येणार नाही, जोडाक्षरं हाताने दुरुस्त करावी लागतील. मी म्हटलं, राहू दे आता, उद्या बघू. आणि दुपारी बोलले त्याचं मनावर घेऊ नकोस.

ती म्हणाली, "नाय घेतलं. दादा गेल्यापासून आपण दोघी गोळ्यांशिवाय काही बोललोच नव्हतो. आता निदान भांडलो तरी."

"भांडलो कशावरून, तर वेलांटीवरून," मी म्हटलं.

ती हसली, पण हसता हसता तिचे डोळे भरले. ती दमली होती. मी उठून तिच्या हातातून तेलाची वाटी घेतली आणि तिला झोपायला पाठवलं.

पुढे तिनेच शोधून काढलं की लिनक्सवर टाइपरायटरची जुनी पद्धतही बसवता येते. तिने ती बसवून दिली. मी मोठ्या आशेने टाइप करायला बसले तर बोटं अडखळायला लागली. ती निम्मी इकडची झाली होती, निम्मी तिकडची. दोन दिवस दोन्हींत घोटाळले, मग नवीनच राहू दे म्हटलं. पन्नाशीत पुन्हा टाइपिंग शिकावं लागलं याचं कौतुक वाटण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती. गिऱ्हाईक नसलं की मी एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा टाइप करायची, आणि कीबोर्डवरच डोकं टेकून डुलकी काढायची.

जुन्या फायली मी एकदम बदलल्या नाहीत. ज्याचं गिऱ्हाईक येतं तेवढीच बदलते, दुरुस्त करते, बाकीच्या आहेत तशाच डिस्कवर पडून आहेत. वेग पूर्वीचा नाही. मशीन मात्र बंद पडलेलं नाही, आणि अपडेट आता मी स्वतः देते.

नणंदेने जनरल शिफ्टसाठी अर्ज केला होता, तो उन्हाळ्यात मंजूर झाला. दिवसभरासाठी काकूंना कायमचं ठरवून टाकलं आहे. आता आम्ही दोघी संध्याकाळी घरी असतो. एकत्र जेवू, बोलू, असं दोघींनाही वाटलं होतं. जेवतो एकत्र, पण बोलायला फारसं उरत नाही. परवा जेवण झाल्यावर ती म्हणाली, लॅबमधल्या त्या जुन्या मशीनवर मराठी कसं टाकायचं ते तुला येत असेल तर सांग. मी सांगायला लागले. कीबोर्डच्या कळांपर्यंत आले तेव्हा पाहिलं तर तिला झोप लागली होती. मी दिवा मालवला आणि सासूबाईंची गोळी बघायला आत गेले.