गाडी पाणी पिते का?

तिकोणा पेठ या आमच्या गावातून तळेगावच्या ऑफिसला जायला मला पाऊण तास लागे. गाडी बाबांची, जुनी. त्या पाऊण तासात कुणाशी बोलावं लागत नसे, म्हणून मला ती हवी होती. पण डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा दोनदा लागला आणि बाबा म्हणाले, "आता पुन्हा लागला, तर विकून टाकू."

कुणाला विचारायला जाण्यापेक्षा मी वाचत बसले. स्टिअरिंगखाली एक छोटं यंत्र लावलं की फोनवर दोष दिसे: तीन नंबरचा सिलिंडर नीट पेटत नाही. इंग्रजी मॅन्युअल सांगे, प्लग बदला, नंतर कॉइल. दोन्ही मी स्वतः बदलले. त्यातली चित्रं इतकी स्वच्छ होती की इंजिनात कुठे काळं काही असेल असं वाटेचना.

दिवा पुन्हा लागला. बाबांना न सांगता मी गाडी तळेगावातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेली.

"ताई, गाडी पानी पिती का?"

"नाही, आबा. मी कधी पाणी घातलंच नाही."

खरंच होतं. साधं पाणी घालू नये, असं मॅन्युअलमध्ये ठळक छापलेलं. मी दर रविवारी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, घालायचे.

त्यांनी बॉनेट उघडून टाकीत डोकावलं. "मंग हे हिरवं काय हाय? सरबत?"

"ते... दर रविवारी थोडं घालते."

"दर रविवारी! मंग पिती की. निस्ती पीत न्हाई, ढोसती! सकाळी मागनं पांढरा धूर येतो का?"

धूर म्हणून मी त्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. थंडीत पवनेच्या पाण्यावरून धुकं अंगणापर्यंत यायचं. गाडी सुरू केली की मागून आणखी पांढरं काही उठून त्यात मिसळायचं, आणि दूर कुठे गुळाचा पाक होत असावा तसा गोडसर वास यायचा. मी काच खाली करून तशीच बसून राहायचे. हे कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना एका दमात सांगून टाकलं.

ते हसले नाहीत. "तेच ते. कूलंट आत जळतंय. हेड गॅस्केट गेलंय, म्हंजी इंजिनाच्या वरच्या झाकनाखालचं पॅकिंग. आता खरं सांगा, इंजिन तापलेलं असताना चालवली का? हेड वाकडं झालं असंल तर काय उपेग न्हाई."

"तापलं नाही कधी."

"समदे असंच म्हणत्यात."

मी फोन पुढे केला. त्या छोट्या यंत्राच्या ॲपमध्ये इंजिनाच्या रोजच्या तापमानाची रेघ जपलेली होती. चष्मा कपाळावरून खाली ओढून ते बराच वेळ एकेक दिवस सरकवत राहिले.

"कुटंच वर गेली न्हाई," ते म्हणाले. "वाचली. आठ दिवस लागतील."

मी रस्त्याच्या कडेला जाऊन बाबांना फोन लावला. "बाबा, दिवा पुन्हा लागलाय," मी म्हणाले, "पण गाडी विकायची नाही. का ते सांगते, ऐका."