नुरा कुस्तीला पहिला नंबर

सांगलीतल्या एका दैनिकाच्या कचेरीत मी एकदा खुर्ची उचलून आपटली होती. तिचा एक पाय मोडला. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. दिवसा मी मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर कारकुनी करायचो आणि जत्रांचा हंगाम आला की सातारा-सांगलीकडच्या कुस्ती मैदानांत माईकवर बोलायचो. त्याआधी मी स्वतः लढायचो. आमचं घर बौद्ध, वडील कोयनानगरला धरणावर कामाला. मी शाळेला पाटणला आलो आणि शाळा संपल्यावर सांगलीच्या तालमीत. वस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हितं आडनाव भाईर ठिवायचं, चपलांसंगं. मातीला फकस्त वजन कळतं. माती खोटं बोलत न्हाई." मी ते वाक्य देवाच्या जागी ठेवलं. पुढे गुडघा कायमचा गेला, लढणं सुटलं, तेव्हा वस्तादांनीच माझ्या हातात माईक दिला. "तुझ्या आवाजात खोट न्हाई," म्हणाले.

त्या वर्षी दैनिकानं टूम काढली. सरलेल्या वर्षातल्या आवडत्या कुस्त्या निवडायच्या. वाचकांनी पोस्टकार्डं पाठवायची आणि शेवटचा निवाडा तिघांनी करायचा: संपादक, वस्ताद आणि मी. मी हरखून गेलो. अडतीवर ढेपांचं वजन लिहून घेतानाही डोक्यात मैदानंच फिरायची.

पहिल्या नंबराबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. कृष्णाकाठच्या मैदानातली शेवटची कुस्ती. एका बाजूला माझा तालमीतला जोडीदार, सांगलीजवळच्या एका जैन शेतकऱ्याचा मुलगा. अंडं-मटण कधी तोंडाला लावलं नाही. दूध, तूप आणि बदामावर हा गडी बुरुजासारखा तयार झालेला. माझा गुडघा गेला त्या दिवशी मला पाठीवर टाकून दवाखान्यात नेणारा तोच. समोर पंजाबचा पैलवान, त्याच्यापेक्षा डोकंभर उंच. आमच्या गड्याचा डावा खांदा पावसाळ्यापासून दुखावलेला होता, हे तालमीत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी तो लढला. खाली गेला, निसटला, पुन्हा खाली गेला, पुन्हा निसटला, आणि सूर्य नदीपलीकडे टेकला तेव्हा त्यानं घिस्सा मारून पंजाब्याला आभाळ दाखवलं. माणसं फेटे उडवत आत घुसली. माईकवर मी अक्षरशः रडत होतो. "मंडळी, खांदा मोडलाय, पण मन मोडलं नाही!" हे माझं वाक्य पुढे कित्येक दिवस बाजारात लोक मला ऐकवत होते.

बैठकीत मी हे सगळं पुन्हा रंगवून सांगितलं. संपादकांनी मान डोलावली. टेबलावर पोस्टकार्डांचा ढीग होता, त्यातली बहुतेक त्याच कुस्तीसाठी होती. वस्ताद चहा बशीत ओतून पीत होते. बशी खाली ठेवून मिशा पुसत म्हणाले, "नुरा हुती. पर लय गोड नुरा हुती. टाका पयली."

नुरा म्हणजे आधीच ठरवून खेळलेली कुस्ती. कोण जिंकणार, कसा जिंकणार, सगळं ठरलेलं. मला वाटलं वस्ताद थट्टा करताहेत.

"वस्ताद, काय बोलताय तुमी?"

"आरं, पंजाब्यानं एकदा तरी त्येच्या डाव्या खांद्याला हात घातला का? आठवून बघ. खरी कुस्ती असती तर पयल्या झटक्याला खांदाच धरला असता की त्येनं."

मी आठवून बघितलं. नव्हता घातला. एकदाही नाही. मी उंच मचाणावर बसून, सगळ्या मैदानात सगळ्यात जवळून बघत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं. मी संपादकांकडे वळलो. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"असं कानावर आलं होतं," ते म्हणाले. "पण वाचकांना आवडली ना? आवडत्या कुस्त्या निवडतोय आपण, खऱ्या कुठं म्हटलंय?"

खुर्ची आपटली ती तेव्हा. वस्ताद जागचे हलले नाहीत. उलट समजुतीच्या सुरात म्हणाले, "मैदानाच्या कमिटीला आपला मानूस जितल्याला पायजे हुता. पोराचा खांदा गेलेला. काय करणार? तू लय मनावर घेऊ नगंस."

माती खोटं बोलत नाही म्हणणारा हाच माणूस. जात, गाव, घर सगळं त्या एका वाक्याच्या भरवशावर मागे सोडून मी त्याच्या पायाशी आलो होतो. मी ओरडलो, की ती कुस्ती यादीत राहिली तर माझं नाव काढा, आणि पहिला नंबर द्यायचा तर पाटणच्या खोऱ्यातल्या एका लहानशा जत्रेतल्या कुस्तीला द्या. तिथं दोन अनोळखी गडी ओल्या मातीत एकमेकांना इतके भिडले होते की शेवटी पंचांनी बरोबरीत सोडवताना दोघंही नको नको म्हणत होते. संपादक म्हणाले, "ती कुणी बघितली हो?"

दुसऱ्या दिवशी मी जोडीदाराच्या गावी गेलो. मळ्यात हळद शिजत होती. मोठ्या काहिलीतून वाफ उठत होती, सगळा मळा त्या उग्र वासानं भरला होता. तो जाळापाशी पाचट सारत उभा होता, एकाच हातानं. मला बघून हसला.

"ये रं गड्या. पेपरात काय ठरलं?"

"नुरा होती?"

त्याचं हसू गेलं. त्यानं गड्यांना लांब पाठवलं आणि म्हणाला, "व्हय."

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हनलं हुतं, त्येला सांगूया. वस्ताद न्हाई म्हनले. तुला कळलं असतं तर तुझा आवाज लागला नसता, म्हनले. तू रडलास म्हनून लोकांनी खरं मानलं, गड्या."

हे ऐकल्यावर माझ्या अंगाची जी आग झाली ती सांगता येत नाही. नुसती फसवणूक असती तर मी कदाचित गिळली असती. इथं मला वापरलं होतं. माझ्या खऱ्या रडण्याचा शिक्का त्यांनी आपल्या खोट्यावर मारून घेतला होता. त्याची आई ताक घेऊन आली. मी ते घेतलं नाही. बांधावरून चालू लागलो. मागून तो म्हणत होता, "खांदा गेल्याला पैलवान म्हंजी काय असतंय, तुला न्हाई कळायचं तर कुनाला कळायचं?" मी वळून बघितलं नाही. माझा गुडघा गेला तेव्हा मी नुरा खेळलो नव्हतो. घरी बसलो होतो.

रविवारी पान छापून आलं. पहिल्या नंबरावर तीच कुस्ती, शेजारी निवड समितीत माझं नाव, आणि मथळ्याला माझंच वाक्य. पाटणकडची कुस्ती कुठंच नव्हती.

पुढच्या महिन्यात कृष्णाकाठच्याच दुसऱ्या एका गावानं ती जोड पुन्हा लावली. कमिटीचे लोक माईकसाठी मला बोलवायला आले. मी हो म्हणालो. काय करायचं ते माझ्या मनात पक्कं होतं.

दुपारभर मी बाकीच्या कुस्त्यांवर नेहमीसारखा बोललो. शेवटची जोड मातीत उतरली, हलगी घुमायला लागली, वस्तादांनी शिष्याच्या पाठीवर थाप मारली. मी दोघांची गावं सांगितली आणि म्हणालो, "मंडळी, मागची कुस्ती नुरा होती. मला माहीत नव्हतं, तुम्हालाही नव्हतं. आज काय ठरलंय ते ह्यांनाच विचारा. ह्या कुस्तीवर मी बोलणार नाही." आणि माईक बंद केला.

एका कोपऱ्यातून "नुरा, नुरा" सुरू झालं आणि बघता बघता सगळं मैदान उठलं. कमिटीच्या दोघांनी मला मचाणावरून ओढून खाली घेतलं. एकानं कानाखाली वाजवली. पण लोक मागे हटेनात. शेवटी पंचांना जाहीर करावं लागलं की कुस्ती निकाली होईल, आणि कुणी ढिलाई केली तर दोघांनाही मैदानाबाहेर काढू.

पंजाब्यानं माझ्या जोडीदाराकडे एकदा बघितलं. हातानं, काय करू, असं विचारल्यासारखं केलं. जोडीदारानं मान हलवली आणि स्वतःहून डावा खांदा पुढे केला. मला ते गर्दीतून, कमिटीवाल्याच्या बगलेखालून दिसलं.

मग जी कुस्ती झाली तशी मी पुन्हा बघितली नाही. पंजाब्यानं खांदा धरला आणि पिळला. आमचा गडी ओरडला, पण सुटला. एका हातानं पंजाब्याचा पाय ओढून पट काढला. पंजाब्यानं त्याला खाली घेऊन मानेवर घुटना ठेवला. सगळ्यांना वाटलं संपलं. तो त्याखालून कसा निघाला, देव जाणे. लोक नुरा ओरडायचे थांबले. हलगीवालाही वाजवायचा विसरला. शेवटी खांदा निखळला आणि तो चीत झाला. त्याला उचलून मिरजेच्या दवाखान्यात नेलं.

मी चार दिवसांनी गेलो. भेटायला म्हणून नाही, भांडण पुरं करायला म्हणून. त्याची आई खाटेजवळ बसली होती. मला बघून उठून बाहेर गेली. त्याचा हात छातीशी बांधलेला होता.

"आता झालं समाधान?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही माझा आवाज चोरला. ते मी विसरणार नाही."

"नगं विसरू." तो छताकडे बघत राहिला. तसाच म्हणाला, "पर घुटना सोडवला तवा तू बोलायला पायजे हुतास. लोकांचा गलका नव्हता. लय सुनं सुनं वाटलं."

मग, कसं ते मला कळलं नाही, मी बोलायला लागलो. खालच्या आवाजात, माईकवर बोलतो तसा. पंजाब्यानं खांदा धरला इथपासून सुरुवात केली. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कोपरावर उठून बसला. घुटन्यापाशी आलो तेव्हा जोडीदारानं डोळे मिटले होते. चीत झाला तेही मी सांगितलं, काही न गाळता. माफ केलं असं मी म्हणालो नाही, आणि त्यानंही माफी मागितली नाही.

तो पुन्हा लढला नाही. हळदीच्या हंगामात कधीमधी यार्डात दिसायचा. लांबून हात करायचा, मीही करायचो. मला पुढे मैदानांची बोलावणी फारशी आली नाहीत. संपादकांनी पुढच्या वर्षी वेगळी समिती नेमली.

वस्तादांना मात्र काहीच झालं नाही. त्यांचा सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं, भाषणात त्यांनी मातीच्या इमानाबद्दल सांगितलं म्हणे. एकदा अडतीवर आले होते, माझ्या पाठीवर थाप मारायला हात उचलला. मी बाजूला सरकलो. हात तसाच हवेत राहिला. "आजून राग हाय व्हय रं?" त्यांनी विचारलं.

"हाय," मी म्हणालो, आणि ढेपा मोजायला आत गेलो.