किल्लीभाऊंचं सूप

हातात आलेली वस्तू उघडून आत काय आहे ते पाहिल्याशिवाय किल्लीभाऊंना चैन पडत नाही. एकदा ते माझ्या दाराची घंटा दुरुस्तीला घेऊन गेले. घंटेला काही झालेलं नव्हतं. तिचा आवाज छान आहे, एवढंच मी म्हटलं होतं.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर रस्त्याकडे त्यांचं किल्ल्या करून देण्याचं दुकान आहे आणि मागच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची बायको राहतात. बायकोला मी वहिनी म्हणते. वहिनींनी उभी हयात मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री केली. अजूनही कुणाच्या घरी गेल्या की त्यांचा हात आपोआप पलंगावरची चादर सारखी करतो.

गेल्या थंडीत त्यांना ताप आला. ताप गेला, पण जाताना जेवणही घेऊन गेला. कशालाच चव लागेना. दोन घास झाले की ताट सरकवायच्या. बोटातली अंगठी गळायला लागली तेव्हा त्यांनी तिला आतून दोरा गुंडाळला. आणि नेमका तो दोरा लेकीच्या नजरेला पडला.

लेक दुसऱ्या गावात औषधांच्या दुकानात काम करते. बोलायला सरळ, आईवर जीव टाकणारी. तिनं मला मुद्दाम खाली बोलावलं आणि माझ्यासमोर वडिलांना सांगितलं, "बाबा, तुमच्याच्यानं हे होत नाही. मी पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी येते. तोवर आई जेवायला लागली तर ठीक. नाहीतर मी तिला घेऊन जाणार."

"आणि मी?" भाऊंनी विचारलं.

"तुम्ही दुकान सोडणार आहात का?"

दुकान सोडून खायचं काय, हा प्रश्न होताच. शिवाय लेकीच्या घरी एका माणसाचीच सोय होती. लेक गेल्यावर भाऊ वहिनींच्या समोर स्टूल ओढून बसले.

"खरं सांग, तुला काय खावंसं वाटतं?"

वहिनी म्हणाल्या, "आमच्या रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये गुरुवारी एक सूप असायचं. इटालियन म्हणायचे त्याला. सॉसेज आणि पास्ता घातलेलं. ते मिळालं तर खाईन."

ते कॅन्टीन बंद होऊन बरीच वर्षं झाली होती आणि तिथला आचारी कुठल्या गावी गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. भाऊंना तर अंडं उकडण्यापलीकडे काही येत नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात हजर. "बाई, सूपच्या आत काय असतं?"

मला माहीत होतं तेवढं मी सांगितलं, आणि आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या खाटकाकडे गेलो. तो मोठा गमत्या माणूस.

"इटालियन सॉसेज? कुणाला खूश करायचंय?" तो म्हणाला.

"बायकोला."

"मग सॉसेज कशाला, फुलं न्या. स्वस्त पडतील."

"यात काय काय घातलंय?"

"भाऊ, सॉसेज आधी खायचं आणि मग विचारायचं. उलटं केलंत तर खाणारच नाही."

भाऊंनी दोन्ही केलं नाही. दुकानात येऊन त्यांनी एक सॉसेज कागदावर ठेवलं, बारीक पात्यानं त्याची कातडी उभी चिरली, दिवा जवळ ओढला आणि डोळ्याला भिंग लावून आतला खिमा चिमट्यानं वेगळा करायला बसले. एक गिऱ्हाईक कुलूप घेऊन आलं, तेही वाकून पाहू लागलं. "बडीशेप!" भाऊ एकदम ओरडले. "बाई, ही बघा, बडीशेप आहे! अर्धवट कुटलेली." मग लाल मिरचीच्या चिंध्या सापडल्या, लसूण सापडला, चरबीचे पांढरे दाणे सापडले. गिऱ्हाईक आपलं कुलूप विसरून म्हणालं, "मिरीसुद्धा असेल, बघा."

त्या दुपारी पहिलं सूप झालं. कातडी काढलेलं सॉसेज कुस्करून पातेल्यात तांबूस होईपर्यंत परतलं. सुटलेल्या चरबीत कांदा, गाजर आणि लसूण. मग डब्यातले टोमॅटो, हाडांचं पाणी, भिजवून शिजवलेला पांढरा राजमा, आणि शेवटी पास्ता. पास्ता निवडताना भाऊंनी दुकानदाराला पुरता वैताग आणला. त्यांना आखूड नळ्यांचा हवा होता. का, तर त्याच्या आरपार दिसतं.

वहिनींनी एक चमचा घेतला. "छान आहे."

"छान म्हणजे, ते आहे का?"

"नाही. ते नाही." दुसरा चमचा त्यांनी भाऊंकडे पाहून घेतला आणि वाटी खाली ठेवली.

इथं भाऊंच्या कामाची एक रीत सांगायला हवी. किल्ली हरवलेलं कुलूप त्यांच्याकडे आलं की ते कोरी किल्ली मेणबत्तीवर धरून काजळीनं काळी करतात. ती कुलपात घालून हलकेच फिरवतात, बाहेर काढतात आणि भिंगातून बघतात. आतला खटका जिथं अडला असेल तिथं काळ्यात सुईच्या टोकाएवढी चमक दिसते. तिथं कानस मारायची, तीही जराशीच. पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप. एका वेळी एकच जागा. घाई केली की किल्ली वाया.

सूपही त्यांनी असंच करायला घेतलं. रोज फक्त एक गोष्ट बदलायची, वहिनींना एक चमचा द्यायचा आणि स्वतः समोर बसून त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहायचं. एक दिवस बडीशेप वाढवली. एक दिवस चीजची कडक साल सूपमध्ये उकळायला टाकली. एक दिवस पालक, दुसऱ्या दिवशी पालक नाही.

"अहो, असं काय बघताय? मी काय कुलूप आहे?" वहिनी म्हणायच्या.

"भुवई हलली तुझी. मीठ का?"

"भुवई माझी आहे, हलेल नाहीतर काय!"

उरलेलं सूप वरच्या मजल्यांवर यायचं. आम्ही जिन्यातले सगळे ते खाऊन तुकतुकीत झालो. समोरची शिंपीण तर मला विचारायची, "आज काय वाढवलंय, काय कमी केलंय?" सूप दिवसेंदिवस फारच चांगलं होत होतं, हे कुणालाही कळलं असतं. नळ्या बोटांनी दाबल्या तर दबाव्यात पण मोडू नयेत इतक्या नेमक्या शिजलेल्या, रस्सा पातळ आणि लालबुंद, वर चरबीचे सोनेरी थेंब. वहिनी मात्र तीन-चार चमच्यांच्या पुढे जात नव्हत्या. मला कुतूहल वाटायला लागलं होतं. काय बरं होतं त्या कॅन्टीनच्या सूपमध्ये, जे खाटकाकडेही नव्हतं आणि वाण्याकडेही नव्हतं?

लेक यायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, भाऊंनी दुकान उघडलंच नाही. दुपारी त्यांनी केलेलं सूप मी चाखलं आणि मनात म्हटलं, याच्यापुढे काही नाही. वहिनींनी तीन चमचे घेतले. "खरंच फार चांगलं झालंय हो," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण ते नाही. मी तरी काय करू?"

भाऊंनी पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकललं. मग ते दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले, शटरला पाठ टेकवून. त्या दिवशी त्यांनी कशालाच हात लावला नाही.

रविवारी सकाळी लेक आली. तिनं मलाही हाक मारली, बाबांची समजूत घालायला कुणी असलेलं बरं म्हणून. ती आत आईचे कपडे घडी करून बॅगेत ठेवत होती. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसल्या होत्या. भाऊंनी फ्रिजमधून पातेलं काढलं, झाकण उघडलं आणि तोंड वाकडं केलं. रात्रभरात पास्त्यानं सगळा रस्सा पिऊन टाकला होता. नळ्या फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या, राजमा फुटून मिसळला होता. डाव उभा केला तर पडेना.

"ही शोभा लेकीनं बघायला नको," असं पुटपुटत ते कचऱ्याच्या डब्याकडे वळले.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "ते काय आहे?"

"कालचं. गेलं वाया."

"दाखवा जरा."

त्यांनी पातेलं पुढे धरलं. वहिनी खुर्चीतून पुढे वाकल्या, वास घेतला, आणि अशा आवाजात बोलल्या की आतून लेक बाहेर आली. "अहो, हेच ते! गरम करा. पाणी घालू नका हं, एक थेंब नाही!"

भाऊंनी गरम केलं. तळाला जरा लागलंही. वहिनींनी वाटी मांडीवर घेतली आणि खाली मान घालून खायला सुरुवात केली. आम्ही तिघं उभे. वाटी संपली. त्यांनी ती पुढे केली. भाऊंनी पुन्हा भरली.

"अगं, पण हा तर लगदा आहे," भाऊ म्हणाले.

"आम्ही धुलाईघरातल्या सगळ्यांत शेवटी जेवायचो. आधी डॉक्टर, मग परिचारिका, मग कचेरीतले. चादरी पोचल्याशिवाय आम्हाला सुट्टी नाही. आम्ही जाईपर्यंत तळाचंच राहिलेलं असायचं, पण सॉसेजचे तुकडेही सगळे तळालाच." त्या हसल्या. "आम्ही म्हणायचो, बिचारे डॉक्टर."

"मग हे आधी सांगायचंस ना! महिनाभर मी काय करतोय?"

"मला काय माहीत? मला वाटायचं, सूप असंच असतं. वरचं मी कधी बघितलंय? आणि तुम्ही तरी, रोज आत काय होतं तेवढंच विचारलंत. मी जेवायला कधी जायचे, ते विचारलंत का?"

भाऊंना हसू यायला लागलं, आणि हसता हसता ते ओट्याला धरून उभे राहिले.

लेकीनं आईच्या वाटीतला एक चमचा घेतला. "ई, आई! हे काय खातेस?"

"नको तर इकडे दे," वहिनी म्हणाल्या आणि चमचा काढून घेतला.

मग लेकीनं आत जाऊन बॅगेतले कपडे पुन्हा कपाटात लावले. त्या खोलीतून नाक ओढल्याचा आवाज आला, पण आम्ही कुणी आत गेलो नाही.

दुपारच्या बसला निघताना ती म्हणाली, "मी पुढच्या रविवारी येऊन बघणार आहे. खाल्लं नाहीस तर कपाट उघडायला वेळ लागत नाही मला."

"ये की," वहिनी म्हणाल्या. "बाबांना शुक्रवारीच करायला सांगते. तू येईपर्यंत चांगलं होईल."