अक्काच्या वाटणीचं बोलणं

अक्का कुणाचं बोलणं मध्ये तोडत नसे. एकदा जोयड्याच्या बसमध्ये कंडक्टर तिला आपल्या गुडघेदुखीची कथा सांगत होता. उतरायचा फाटा मागे गेला तरी ती ऐकतच राहिली आणि मग भर उन्हात तेवढी वाट उलटी चालत आली. मी चिडले, तर म्हणाली, "बोलत हुता की त्यो. मदीच कसं उठायचं?"

आम्ही दोघी जोयड्याला दवाखान्यात कंत्राटी नर्स होतो. परदेशात म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषेची नोकरी हवी, तर इंग्रजीची मधल्या पातळीची परीक्षा पास होणं भाग होतं. मी रामनगरची, तेवीस वर्षांची. मला पुन्हा बसता आलं असतं. अक्का आधी एकदा नापास झालेली, आणि पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. ही तिची शेवटची खेप.

ड्यूटी संपेपर्यंत पाय भरून यायचे. तशाच पायांनी आम्ही टेकडी चढायचो, कारण मोबाईलला रेंज तिथेच. सरावाच्या संभाषणांतली माणसं विमानतळावर सामान हरवायची, हॉटेलवाल्याशी भांडायची. ऐकता ऐकता माझे डोळे मिटायचे. अक्का डब्यातले उकडलेले कणगीचे कंद माझ्यापुढे सरकवायची आणि तेच संभाषण पुन्हा लावायची. व्याकरणात ती माझ्या कितीतरी पुढे. अडत होतं ते तोंडी परीक्षेत. तिथे दोन उमेदवारांनी शेजारी बसून आपसात चर्चा करायची असते. अक्काच्या घरी मात्र एकाचं पुरतं बोलून झाल्याशिवाय दुसऱ्यानं तोंड उघडायची रीत नव्हती. मी रोज बजावायची, अक्का, मध्ये घुसायला शीक. ती थकलेलं हसायची आणि वही मिटायची.

हुबळीच्या केंद्रावर नेमकी आमचीच जोडी लागली. मला वाटलं, देव पावला. विषय होता, बाहेरगावचा मित्र आला तर त्याला कुठे न्याल? मी गणेशगुडीच्या राफ्टिंगपासून सुरुवात केली आणि थांबले तर मार्क जातील या भीतीनं थांबलेच नाही. अक्का मान डोलावत माझं संपायची वाट बघत होती. मला ते दिसत होतं. लिहायला लाज वाटते, पण दिसत होतं. शेवटी ती "इन माय व्हिलेज" एवढं म्हणाली आणि परीक्षकबाईंनी वेळ संपल्याचं सांगितलं.

मी पास झाले. अक्का तोंडी परीक्षेत नापास झाली. निकाल कळल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "छान बोललीस, बाय. मी ऐकतच बसले." त्यापेक्षा तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी निघाले त्या दिवशी ती रामनगरच्या स्टँडवर पोचवायला आली. बेळगावची गाडी लागायला अवकाश होता. मी न राहवून विचारलं, त्या दिवशी तू काय सांगणार होतीस?

"सुप्याच्या पाण्याकडं न्हेणार हुते त्येला," ती म्हणाली. "आईचं गाव हाय तितं, बुडालेलं."

आणि मग तिनं ते सगळं इंग्रजीत सांगितलं. घर कुठे होतं, भाताचं शेत कुठवर होतं, धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा आई काय काय उचलून निघाली. सावकाश, एकदाही न अडखळता. तिचं संपेपर्यंत मी तोंड उघडलं नाही. मार्क द्यायला तिथे कुणीच नव्हतं.