लावणीचं बोलावणं

ग्रुपवर काही पाठवण्याआधी हल्ली मी ते वहिनीच्या आवाजात मनात वाचून बघतो. ही खोड मला गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी जडली.

वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. पळसदरीला आमची आणि त्यांची भातखाचरं बांधाला बांध लागून. एक दिवस आमची लावणी, दुसऱ्या दिवशी त्यांची, माणसं तीच. वडील गेले त्या वर्षी माझ्या हातात रोपांची मूठ देऊन मला चिखलात उभं केलं ते वहिनीनेच.

लावणीचं सांगायला आदल्या संध्याकाळी दारात जायचं, ओट्यावर बसून चहा घ्यायचा, ही रीत आई पाळायची. यंदा तिचे गुडघे धरलेले आणि मी खालापूरच्या कचेरीतून दमून आलेला. म्हणून शहाणपणा केला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकलं, 'रविवारी आमची लावणी. ज्यांना जमेल त्यांनी यावं.' वहिनीचं उत्तर आलं, 'बघू.' मला ते झोंबलं. तरी समजूतदारपणाचा आव आणून लिहिलं, 'नाही जमलं तरी चालेल.'

रविवारी आठ वाजले तरी त्या घरातलं कोणी नाही. मजूर मिळाले असते, प्रश्न तो नव्हता. एकदा दोन्ही घरांनी वेगवेगळी लावणी केली, की पुढच्या वर्षी कोण कुणाच्या बांधावर जाणार? मला धास्ती वाटली आणि धास्ती वाटली की मी चिडतो. चांगला लांबलचक मेसेज लिहायला घेतला. आईने मोबाइल हातातून काढून घेतला आणि देवाने पाय दिलेत तर जा म्हणाली.

चिखलाच्या पायांनी त्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. वहिनी पायरीवर बसली होती.

"आमी नाय आलो तरी तुला चालतंय, मग कशाला येऊ रं?"

तिची ओढाताण नको म्हणून तसं लिहिलं होतं, हे सांगताना माझं मलाच लाजल्यासारखं झालं. चुकलो म्हणालो. मग जे आदल्या संध्याकाळी म्हणायला हवं होतं ते म्हणालो, की तुझ्याशिवाय आमची लावणी होत नाही, चल.

ती उठली तेव्हा दिसलं, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेलीच होती. आत जाऊन तिने भाकऱ्यांचं गाठोडं आणलं, दोन्ही घरांना पुरेल एवढं.

"पहाटेपास्नं तयार हाय," ती म्हणाली. "कुनीतरी बोलवायला येईल म्हणून दारातच बसले होते."