छर्र्यांचा खेळ, येडगावचा ऊस

टोमॅटो मी घरूनच नेले होते. नारायणगावच्या बाजारातले, अर्धकच्चे, कडक. पुण्यातल्या खेळण्यांच्या ठोक दुकानात मी त्यातला एक काउंटरवर ठेवला, त्याच्यापुढं दुकानातलाच, खेळताना डोळ्यांना लावायचा चष्मा उभा केला आणि म्हणालो, "आता हाणा."

"काय हाणू?"

"तुमचीच बंदूक, तुमचाच चष्मा. टोमॅटो शाबूत राहिला तर माल घेतो. फुटला तर भावाची गोष्टच काढायची नाही."

"अहो शेठ, खेळणं आहे ते. लढाईला चाललात का?"

पण त्यानं हाणलं. चष्म्याची काच मधोमध तडकली, तिचा तुकडा टोमॅटोत रुतला आणि बियांसकट लाल पाणी काउंटरवर ओघळलं. गिऱ्हाइकं हसली. मला हसू आलं नाही. मी दुसरा टोमॅटो काढला, दुसरा चष्मा मागितला. दुकानदार चिडला, मी त्याच्यावर चढ्या आवाजात चिडलो. शेवटी बंदुका घेतल्या, चष्मे त्याच्याकडंच ठेवले.

डोळ्यांची भीती माझ्या मनात जुनी होती. एकोणीसशे नव्वदच्या सुमारास मी डोंगरातल्या तळेघरच्या वरच्या अंगाहून डोक्यावर गाठोडं घेऊन खाली उतरलो, ते गावोगावच्या यात्रांत खेळणी विकायला. पेठच्या बाजूच्या एका यात्रेत गिऱ्हाइकानं छर्र्याची बंदूक घेण्याआधी चालवून बघितली. हरभऱ्याएवढी प्लास्टिकची गोळी शेजारच्या गाड्याच्या लोखंडावरून उसळली आणि एका म्हाताऱ्या पाहुण्याच्या तोंडावर बसली. तो खाली बसला. हात डोळ्यावर, बोटांच्या फटीतून रक्त. मी म्हणत होतो, "हात काढा, बघू द्या," आणि तो काढत नव्हता. त्यानं हात काढला तेव्हा डोळा जागेवर होता. गोळी खालच्या हाडावर लागली होती. तेवढ्या वेळात मी काय काय नवस बोललो, माझं मला माहीत.

पुढं नारायणगावात दुकान झालं. दोन हजार सालानंतर पुण्यातल्या ऑफिसांत काम करणारी तरुण पोरं सुट्टीला आमच्याकडं यायला लागली आणि त्यांनी हा खेळ आणला. दोन बाजू करायच्या, लपायचं, एकमेकांना छर्रे मारायचे. ज्याला गोळी लागली त्यानं डोक्याला लाल फडकं बांधून बाहेर यायचं. त्यांना मोकळी जागा हवी होती आणि सामान हवं होतं. मी म्हटलं, दोन्ही माझ्याकडून घ्या.

सामान मी मनापासून निवडलं, हे कुणी सांगत नाही म्हणून मीच सांगतो. बंदूक निवडताना वर्तमानपत्राचा कागद ताणून धरायचो. एकेरी कागद फाडणारी ठेवायची, घडी फाडणारी परत करायची. पोरांना जोरदार बंदूक हवी असे, मी देत नसे. चष्म्यांचा नाद सोडून मंचरच्या एका चाळण्या करणाऱ्याकडून लोखंडी जाळीचे मुखवटे करून घेतले. काचेवर घामाची वाफ धरते, मग पोरं ती पुसायला चष्मा काढतात आणि तेवढ्यात गोळी येते. जाळीवर वाफ धरत नाही. जाळीमागं टोमॅटो ठेवून अगदी जवळून हाणलं, तरी टोमॅटो कोरडा राहिला. आणि कपडे घेतले जुन्या बाजारातून, हिरव्या-तपकिरी डागांचे. ते घेताना मी उसाचं वाळलेलं पाचट सोबत नेलं होतं आणि रंगाला रंग लावून बघितला होता. ते घालून माणूस उसात बसला, की बांधावरून दिसत नसे.

जागा माझ्या मेव्हण्याची. बायकोच्या धाकट्या भावाची. येडगावला धरणाच्या पाण्याकाठी त्यांचं घर, आंब्याची बाग आणि तिला लागून ऊस. जुने जमीनदार लोक. मी त्यांचा डोंगरातला जावई. मेव्हण्याच्या लग्नात मांडवात टॉवेल-टोपीचा पहिला मान माझा, कारण मी थोरला जावई. तो मान आधी दिला धाकट्या जावयाला, मुंबईत ऑफिसात असलेल्याला. माझी आठवण नंतर झाली. मी ती टोपी तिथंच खुर्चीवर ठेवून उठलो आणि तेव्हापासून त्या घरात जेवलो नव्हतो. धंद्यासाठी जागा घेतली, कारण जागा चांगली होती. पण माझा डबा मी घरून आणायचो आणि आंब्याखाली बसून खायचो. सासूबाई ओट्यावरून बघत राहायच्या.

"दाजी, भाकरी वाळली आसंल तुमची," मेव्हणा मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा. "आत कालवण हाय गरम."

"वाळलेली चालते. मानाची आहे," मी म्हणायचो.

त्या वर्षांत आमच्या भागात बिबट्याची दहशत होती. कुठं शेळी गेली, कुठं कुत्रं गेलं आणि कुठं कुठं माणसंही गेली. संध्याकाळनंतर रस्ते ओस पडत. बायका खुरपायला एकट्या जात नसत. शेतात जायचं ते बोलत, खाकरत, मोबाइलवर गाणी लावून. वाकायचं नाही, कारण वाकलेला माणूस त्याला जनावर वाटतो, असं सगळेच सांगत. आणि आमच्या खेळात गप्प राहायचं, वाकायचं, उसाच्या रंगात रंग मिसळून जायचं. मी मेव्हण्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "दुपारच्याला काय न्हाई दाजी. राती फिरतंय ते. गडीमाणसं हायेत की सगळीकडं."

त्या दिवशी एका बाजूला एक गडी कमी पडला म्हणून मेव्हणाच मुखवटा चढवून उतरला. पहिल्या डावात तो उसात असा लपला की कुणाला सापडेना. मग पुण्याच्या एका पोरानं बांधावरून हाक दिली, "चला, खेळ संपला, जेवायला या!" मेव्हणा सरळ उठून बाहेर आला आणि त्याच्या छातीवर तीन-चार गोळ्या बसल्या. सगळे हसून लोळले. मीही हसलो, जरा जास्तच. तो लालबुंद झाला.

"आता देव जरी आला बोलवायला तरी उठत न्हाई," तो म्हणाला आणि दुसऱ्या डावाला पुन्हा उसात शिरला.

उन्हं कलली होती. ओढ्यापलीकडच्या शेतात ऊसतोड चालू होती, तिकडून एकदम आरडाओरडा झाला. तोडकरी कोयते घेऊन बांधाकडं पळत आले. पुढं त्यांचा मुकादम.

"भाऊ, माणसं काडा भाईर! शेवटच्या सऱ्या तोडताना उठलं. वढा उडी मारून तुमच्या उसात शिरलं!"

तोड जसजशी पुढं सरकते, तसतसा बिबट्या उरलेल्या उसात सरकत जातो. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्या बाजूचा ऊस संपला होता. आता उभा ऊस फक्त आमचा होता.

पोरं आरडाओरडा ऐकूनच बाहेर पडली. मुखवटे काढले तेव्हा त्यांचे चेहरे पांढरे होते. मेव्हणा तेवढा नव्हता.

मी ओरडलो, "भाऊ, बाहेर ये! खेळ संपला!"

ऊस सळसळला. वारा होता, त्यामुळं सगळाच ऊस सळसळत होता. कुठली सळसळ कशाची, काही कळत नव्हतं.

"बिबट्या आहे आत! उभा राहा! उठ लवकर!"

उत्तर आलं ते उसातून. टक् करून एक छर्रा माझ्या खिशावर बसला, पाठोपाठ दबलेलं हसू ऐकू आलं. जिवंत आहे, एवढं कळलं. त्याच वेळी त्याचा गळाही धरावासा वाटला.

"फोन करा ना त्यांना," एक पोरगा म्हणाला. मी केला. आंब्याच्या फांदीवर अडकवलेला मेव्हण्याचा शर्ट वाजायला लागला. खेळताना मोबाइल बाहेर ठेवायचा, हा नियम माझाच. देवीच्या आरतीची धून होती ती. पूर्ण वाजली आणि बंद पडली.

एका तोडकऱ्यानं डबा वाजवायला उचलला. मुकादमानं त्याचा हात धरला. "वाजवू नगा. दबलंय ते. बिथरलं तर त्याच्याच अंगावर जाईल. आत बी जाऊ नगा. नुसतं बोलवा."

बोलवायचं कसं? मी शिव्या दिल्या. माझ्या शिव्यांची त्याला सवय होती. आईची शपथ घातली. शपथा मी दुकानात दिवसभर खातो, गिऱ्हाइकापुढं, हसत हसत. त्यानं गल्ल्याशेजारी बसून त्या ऐकलेल्या. आतून पुन्हा हसू आलं. तेवढ्यात उसाच्या मागच्या अंगाला टिटवी ओरडत उडाली. थोड्या वेळानं आणखी अलीकडं साळुंक्या उठल्या, एकदम सगळ्या. मुकादमानं माझ्याकडं बघितलं. "सरकतंय ते फुडं," म्हणाला.

माझ्या डोळ्यांपुढं तो दिसत होता. गुडघ्यावर, वाकलेला, मी निवडलेल्या रंगात. तोंडावर मी करून घेतलेली जाळी, जिच्यातून समोरचं चांगलं दिसतं आणि बाजूचं दिसत नाही. टोमॅटोवर केलेल्या परीक्षेत हे कुठं आलं नव्हतं. आणि ओट्यावर त्याची आई उभी होती, पदर तोंडात धरून.

आयुष्यभर मी सौदे केलेत. समोरच्याला खरं वाटायला हवं असेल, तर जी गोष्ट तुम्ही कधीच देणार नाही अशी त्याची खात्री आहे, तीच पुढं ठेवावी लागते. माझ्याजवळ तशी एकच गोष्ट होती.

"मी आज तुमच्या घरी जेवतो!" मी ओरडलो. आवाज फाटला. "ऐकलं का? तुझ्या आईच्या हातचं जेवतो! टॉवेल नको, टोपी नको, काही नको! पण उभा राहा!"

हसू थांबलं. ऊस मात्र तसाच सळसळत होता.

मग आतून आवाज आला, अगदी बारीक. "दाजी? खरंच हाय का वो?"

"आहे! उभा राहा! आणि बोलत ये, गप्प राहू नको!"

"काय बोलू?"

"काय पण बोल! मला शिव्या दे!"

आणि तो शिव्या देत निघाला. आधी आवाज थरथरत होता, मग मोकळा झाला. "दाजी चिकट! दाजी कंजूष! म्हशीच्या गवताचा भाव करणारा दाजी! बहिणीला माझ्या दिवाळीला दोन साड्या दावतो आन एक घेतो! आन मान मान काय करता वो? टोपी पयली तुमचीच व्हती! दोनदा पुकारलं मांडवात! तुमी बँडवाल्याशी घासाघीस करत बसला व्हता मागं! हाका मारल्या तरी आला न्हाई! मग काय मांडव थांबवायचा व्हता?"

तोडकरी, पुण्याची पोरं, ओट्यावरच्या सासूबाई, सगळे ऐकत होते. मी उसाचे शेंडे हलताना बघत होतो. त्याचे शेंडे पुढं येत होते. मी त्याच्या मागचे शेंडे बघत होतो.

तो बाहेर पडला तसा मी त्याला दंडाला धरून ओढला. जाळी उचलून त्याचं तोंड बघितलं. घामानं भिजलेलं, धड.

बँडवाल्याचं म्हणाल तर, ती घासाघीस मी त्यांच्याच खिशासाठी करत होतो. आणि मला हाक कुणी मारली, किती जोरात मारली, हे मला कुणी सांगू नये. मी काही बहिरा नाही.

पोरांची गाडी गेल्यावर तोडकऱ्यांचा ट्रॅक्टर बांधावरून गडगडत आणला आणि त्याच्या आवाजाच्या आडोशानं मुकादम आणि मी, मेव्हणा बसला होता ती जागा बघायला गेलो. बंदूक तिथंच राहिली होती. आदल्या दिवशी पाणी दिलेली सरी, ओला गाळ. त्यात त्याच्या दोन्ही गुडघ्यांच्या खळग्या स्पष्ट होत्या. मागं पायाच्या बोटांच्या खुणा. आणि त्या खुणांच्या मागं, सहा-आठ फुटांवर, पंज्यांचे ठसे. चालत आलेले. शेवटचे दोन पुढचे पंजे शेजारी शेजारी, गाळात खोल रुतलेले, जणू कुणी बराच वेळ तिथं वजन टाकून बसलं होतं.

मुकादमानं पायानं ते पुसले. "त्याला सांगू नगा," तो म्हणाला. "पानी द्यायला हितंच यायचंय त्याला."

मी बंदूक उचलली. तिच्यावरचा गाळ पुसत बाहेर आलो.

दिवेलागणीला मी त्या घरात पाटावर बसलो. सासूबाईंनी ताट वाढलं. टॉवेल-टोपी नको म्हटलं होतं, तरी त्यांनी ती कपाटातून काढून आणली. तीच, लग्नातली, घडी न मोडलेली. माझ्या डोक्यावर ठेवली. मेव्हणा समोर बसून हसत होता. "जिरली का न्हाई दाजींची? मी उसात बसून जेवायला बसवलं का न्हाई?" निरोप मिळून नारायणगावहून आलेली बायकोही पदराआड हसली.

मला ते पंजे दिसत होते.  मी मान खाली घालून भाकरी नुसती मोडत राहिलो.

सासूबाईंनी बराच वेळ बघितलं. मग हळूच विचारलं, "अजून राग हाय व्हय, पावणं?"

मी मेव्हण्याच्या तोंडाकडं बघितलं. तो कालवण ओरपत होता.

"आहे," मी म्हणालो.